तलफ आणि वीणेचा पहारा

॥ रामकृष्णहरि ॥



गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का, मुखी हरिनाम आणि कमरेला तंबाखूची चंची, हे चित्र आपल्या संप्रदायात नवे नाही. दिंडी विसाव्याला थांबली की टाळ गळ्यात तसेच राहतात आणि हात खिशाकडे वळतात. कोणी विडी काढतो, कोणी तळहातावर तंबाखू-चुना मळतो, कोणी मायमाउली पाठ फिरवून मिश्री लावते. ही माणसे वाईट नव्हेत. त्यांतील कित्येकांची वारी चाळीस वर्षांत चुकलेली नाही. एकादशीला अन्नाचा कण तोंडात न घालणारी ही मंडळी आहेत. म्हणूनच प्रश्न उभा राहतो. ज्याला दिवसभराचे अन्न सोडता येते, त्याला वीतभरही नसलेली विडी का सोडता येऊ नये? आजच्या निरूपणाचा विषय हाच आहे.

प्रथम दोन शंकांचा परिहार करू, कारण या दोन शंकांच्या आड विडी सुखाने नांदत असते.

पहिली शंका अशी : "बुवा, मद्य-मांस निषिद्ध म्हणून आम्ही सोडले. पण तंबाखूचा निषेध कोणत्या शास्त्रात आहे?" याचे उत्तर सोपे आहे. तंबाखू ही वनस्पतीच मुळी आपली नव्हे. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्याला आली. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली. त्यानंतर तीनशे वर्षांनी, इ. स. १६०४-०५ च्या सुमारास, अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापुरास आला होता. त्याने तेथे तंबाखू पाहिली आणि नवलाची वस्तू म्हणून बादशहापुढे नेऊन ठेवली. पुढे १६१७ साली जहांगीर बादशहाने ती ओढण्यास मनाई केली, पण तोवर चटक लागून चुकली होती. संस्कृतात 'तमाखु' असा शब्द पंडितांनी मागाहून बनवला. तेव्हा जुन्या ग्रंथांत निषेध नाही याचे कारण इतकेच, की तेव्हा ही वस्तूच नव्हती. ज्या रोगाचे नावच वैद्याने ऐकले नव्हते त्यावर त्याने पथ्य लिहिले नाही, एवढ्यावरून तो रोग पथ्यकर होत नाही. शास्त्राने नाव घेतले नसले तरी कसोटी घालून दिली आहे : जे मनुष्याला पराधीन करते, देहाचा नाश करते आणि चित्त चाळवते, ते त्याज्य. या कसोटीला विडी लावून पाहा आणि निवाडा तुम्हीच करा.

दुसरी शंका : "उपासाला विडी चालते, ते काही अन्न नव्हे." बाबांनो, 'उपवास' या शब्दाची फोड 'उप' आणि 'वास', म्हणजे जवळ राहणे अशी आहे. कोणाच्या जवळ? पांडुरंगाच्या. ज्या दिवशी त्याच्याजवळ राहायचे, त्या दिवशी दर तासाला उठून विडीजवळ जायचे, तर वास कोणाजवळ झाला? अन्न पोटात गेले नाही एवढ्याने उपवास साधतो असे म्हणावयाचे, तर आजारी माणूस रोजच व्रतस्थ ठरेल.

आता मूळ विषयाकडे येऊ. विडी सोडावी हे कोणाला कळत नाही? पुडीवर, पाकिटावर भयंकर चित्रे छापली आहेत, ती पाहतच लोक पुडी फोडतात. म्हणजे अडचण ज्ञानाची नाही, तलफेची आहे. ही तलफ आहे तरी काय, याचा विचार केल्यावाचून तिच्याशी गाठ घालण्यात अर्थ नाही.

तंबाखूत निकोटिन नावाचे द्रव्य असते. धूर छातीत ओढला की ते दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि घटकाभर बरे वाटते. परंतु दोनएक तासांत रक्तातले निकोटिन निम्म्यावर येते. मग जीव कासावीस होतो, चित्त लागत नाही, दुसऱ्याचे बोलणे टोचते. त्यावर दुसरी विडी ओढली की पुन्हा बरे वाटते. मनुष्य म्हणतो, "विडीने डोके शांत होते." वस्तुतः पहिल्या विडीने जी अस्वस्थता मागे ठेवली, तीच दुसरीने थोडा वेळ झाकली. सावकार आपल्याच खिशातला रुपया काढून आपल्याच हातावर ठेवतो, आणि आपण त्याला दाता म्हणून हात जोडतो, तशातला हा प्रकार! त्याचे व्याज मात्र छाती भरते, हृदय भरते, घरची माणसे भरतात.

ययातीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. मुलाचे तारुण्य मागून घेतले, हजार वर्षे भोग भोगले, आणि शेवटी कळले काय, तर भोगल्याने वासना विझत नाही. अग्नीत तूप ओतून अग्नी विझवू पाहणाऱ्यासारखे ते झाले. तलफेचेही नेमके तेच आहे. विडी ओढून तलफ शमत नाही, तिची पुढची वेळ फक्त ठरते.

परंतु या विचारातच सुटकेची किल्लीही आहे, तिकडे लक्ष द्यावे. जगात जे जे उत्पन्न होते त्याला उत्पत्ती, स्थिती आणि लय या तीन अवस्था असतात. तलफ काही याला अपवाद नाही. तलफ आलेल्या माणसाला वाटते, की ही अशीच वाढत जाईल आणि शेवटी आपला प्राण घेईल. तसे होत नाही. एक तलफ येते, चढते, चार-पाच मिनिटे, फार तर दहा मिनिटे टिकते आणि विडी न ओढताही आपोआप ओसरते. हा अनुभव पुष्कळांना कधी येतच नाही. का बरे? कारण लय होण्याआधीच ते काडी ओढतात! जन्मभर विडी ओढणाऱ्याने तलफेची उत्पत्ती हजारो वेळा पाहिली, पण तिचा लय एकदाही पाहिला नाही.

तो पाहण्याचा उपाय आपल्याजवळ पिढ्यान्‌पिढ्या आहे. जपाची एकशेआठ मण्यांची माळ घ्या आणि 'रामकृष्णहरि' हा मंत्र शांतपणे, एका मण्याला एकदा, असा म्हणा. घड्याळ लावून पाहा, एक माळ व्हायला चार-पाच मिनिटे लागतात. म्हणजे एका तलफेला एक माळ पुरते! माळ ओढता ओढता आत काय चालले आहे ते पाहत राहावे. 'तलफ आली, तलफ वाढली, तलफ उतरली' असे साक्षित्वाने पाहावे. नाम घेतले की तलफ येणारच नाही, असे मी सांगत नाही. तसे सांगणे म्हणजे भोळ्या माणसाची फसवणूक होईल. तलफ येईल. पण हातात माळ, मुखात नाम आणि मनात पाहणारा जागा असला की ती आल्या वाटेने जाईल, आणि प्रत्येक वेळी परत जाताना थोडी दुबळी होऊन जाईल.

आता कोणी म्हणेल, "एक तलफ परतवली, पण जन्मभर कोण परतवीत बसणार?" येथे आपल्या सप्ताहाची आठवण करावी. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस, सात रात्री वीणा खाली ठेवायची नसते. मग ती एकटा माणूस धरतो काय? नाही. पहारे लावलेले असतात. ज्याचा पहारा, त्याने तेवढा वेळ वीणा धरायची. पुढचा पहारा पुढे. विडी सोडणाऱ्यानेही 'जन्मात शिवणार नाही' अशा भाराने पहिल्याच दिवशी वाकून जाऊ नये. 'हा पहारा माझा' एवढेच म्हणावे. सकाळचा चहा ते दुपारचे जेवण हा एक पहारा, जेवण ते दिवेलागण हा दुसरा. पहाऱ्याला पहारा जोडला की सप्ताह होतो.

आणि वाट किती लांबची आहे, तेही ऐकून ठेवा. हिशेब आपल्या वारीसारखाच आहे. आळंदीहून प्रस्थान झाले की पालखी पुण्यात मुक्काम करते, आणि पुण्याहून निघताच सासवडच्या वाटेवर दिवेघाट लागतो. सगळ्यांत अवघड चढ आरंभालाच! विडी सोडणाऱ्याचा दिवेघाटही असाच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. चिडचिड होते, झोप तुटते, भूक वाढते, कामात मन लागत नाही, कोणाकोणाला खोकला अधिक आल्यासारखा वाटतो, परसाकडे साफ होत नाही. पुष्कळ लोक येथेच मागे फिरतात. त्यांना वाटते, पंढरपुरापर्यंत सगळा घाटच आहे. अहो, घाट संपला की पुढे सासवड, जेजुरी, वाल्हे, मग नीरा, लोणंद, फलटण, अशी वाट सोपी होत जाते. दोन ते चार आठवड्यांत देहाची ओढ बहुतेक उतरते. त्यानंतर उरते ती मनाची आठवण. ती कधी चहाच्या वेळी, कधी चावडीवर, कधी दुःखाच्या प्रसंगी अवचित येते. वाखरीला पोहोचलेल्यानेही बेसावध राहू नये, ते याकरिता.

याला एक दृष्टांत सांगतो, घडलेला आहे. एका दिंडीचे विणेकरी, वय साठीच्या आसपास, गळा गोड, पण दिवसाला विडीचे अख्खे बंडल लागे. दोन वर्षांत आवाज बसला. चाल वर नेली की खोकल्याची उबळ येई आणि टाळकऱ्यांना अभंग सांभाळून घ्यावा लागे. एका वर्षी प्रस्थानाच्या दिवशी त्यांनी विडी सोडली. दिवेघाटात जीव अगदी मेटाकुटीला आला. शेजारचा वारकरी कळवळ्यानेच म्हणाला, "घ्या माउली, एकीने काय होतंय?" विणेकरी म्हणाले, "हातात वीणा आहे, माउली." त्या उत्तराने त्यांचे त्यांनाच वर्म सापडले. सबंध वारीत, तलफ आली की ते दुसऱ्याच्या खांद्यावरची वीणा मागून घेत. वीणा हातात असता विडी ओढण्याची छाती कोणाची? आषाढी झाली, घरी आले. श्रावण बरा गेला. भाद्रपदात सख्ख्या भावाचे देहावसान झाले. स्मशानातून परतताना कोणी विडी पुढे केली, त्यांनी ओढली, आणि तेराव्यापर्यंत बंडल पुन्हा सुरू झाले.

मग एके दिवशी ते मजकडे आले. माळेला हात लावून म्हणाले, "बुवा, माळ उतरवून ठेवतो. मी तिला लायक नाही." डोळ्यांत पाणी होते. मी म्हटले, "माउली, घाटात पाय घसरला तर माणूस हातातली काठी फेकून देतो काय? उलट घट्ट धरतो. एक एकादशी मोडली म्हणून आधी केलेल्या एकादश्या मोडत नाहीत, आणि पुढची एकादशी धरायला कोणी मना करीत नाही. तुम्ही दोन-अडीच महिने विडीवाचून राहिलात, ते खोटे होते काय? वाट तुमच्या पायाखालची झाली आहे. फक्त दुःखाच्या प्रसंगी काय करायचे, तेवढे ठरवायचे राहिले होते. ते आता ठरवा." त्यांनी माळ उतरवली नाही. विडी पुन्हा सोडली. आज ते चाल वर नेतात आणि उबळ येत नाही.

हा दृष्टांत सांगण्याचे कारण असे, की घसरण्यापेक्षा घसरल्यावर येणारी लाज अधिक घात करते. मनुष्य म्हणतो, 'मोडलेच आहे, आता काय!' आणि एका विडीचे बंडल होते. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने मन आवरत नाही अशी तक्रार केली, तेव्हा भगवंतांनी त्याला धिक्कारले नाही. अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले. अभ्यास याचा अर्थच पुन्हा पुन्हा करणे. जे एका झटक्यात साधते त्याला अभ्यास म्हणत नाहीत. पुष्कळांची विडी दोन-चार प्रयत्नांनंतरच सुटते, यात कमीपणा मुळीच नाही.

आता काही आचरणाच्या गोष्टी.

दिवस ठरवावा. शुद्ध एकादशी उत्तम. दशमीच्या रात्री चंची, काडेपेटी, चुन्याची डबी, उरलेले बंडल हे सगळे घराबाहेर काढावे. 'पाहुण्यांसाठी' म्हणून काहीही ठेवू नये. तो पाहुणा म्हणजे आपणच असतो. संकल्प एकट्याने करू नये, घरच्या वडीलधाऱ्यासमोर किंवा दिंडीच्या सोबत्यासमोर करावा.

ज्या वेळी तलफ हटकून येते त्या वेळा ओळखाव्यात. जेवल्यावर लगेच उठावे, हात धुऊन चार पावले चालावे. सकाळी तंबाखूवाचून पोट साफ होत नाही अशी पुष्कळांची समजूत असते. ती सवय देहाला तंबाखूनेच लावलेली आहे. कोमट पाणी, पालेभाजी, फळे आणि थोडे चालणे यांनी ती काही दिवसांत सुटते. तलफ आली की घोट घोट पाणी प्यावे, दीर्घ श्वास घ्यावा, जागा बदलावी आणि माळ हाती घ्यावी. तोंडाला चाळा हवा असेल तर बडीशेप, लवंग, वेलदोडा यांपैकी काही ठेवावे. सुपारी मात्र नको. सुपारी ही स्वतःच कर्करोगाचे कारण आहे, हे आता सिद्ध झाले आहे. तसेच विडी सोडून मिश्री, तपकीर, गुटखा धरणे म्हणजे घर बदलून त्याच सावकाराच्या दुसऱ्या पेढीवर जाणे होय. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील शंभरांपैकी सुमारे सत्तावीस माणसे तंबाखूची आढळली. त्यांत ओढणारे शेकडा चारही भरत नाहीत, बाकी बहुतेक चघळणारे आणि दातांना लावणारे. तेव्हा 'मी ओढत नाही, फक्त मळतो' या समाधानात कोणी राहू नये.

औषधाची मदत घेणे हे श्रद्धेचे उणेपण नव्हे. घाट चढताना काठी घेतली म्हणून वारी खोटी ठरत नाही. निकोटिनचा गम मिळतो. त्यात धूर नाही, डांबर नाही. तो भराभर चावायचा नसतो. हळूहळू चावून जरा झिणझिण्या आल्या की गालाशी धरून ठेवावा, मग पुन्हा चावावा, आणि त्या वेळी चहा घेऊ नये. हळूहळू प्रमाण उतरवीत दोन-तीन महिन्यांत तोही सोडावा. हृदयविकार किंवा दुसरा आजार असेल त्याने, तसेच गरोदर स्त्रीने, डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. डॉक्टरांजवळ तलफ उतरवणाऱ्या गोळ्याही असतात. शिवाय २०१६ पासून सरकारची तंबाखूमुक्तीची साहाय्यवाणी आहे. १८००-११-२३५६ या क्रमांकावर दूरध्वनी केला असता पैसे पडत नाहीत आणि सल्ला मिळतो.

घरच्या मंडळींना एक विनंती. सोडणारा माणूस पहिले दोन-तीन आठवडे चिडेल. ती चिडचिड त्याची नव्हे, उतरणाऱ्या विषाची आहे. "त्यापेक्षा ओढत होतात तेच बरे होते" हे वाक्य कोणीही उच्चारू नये. कित्येकांचा निश्चय त्या एका वाक्यासरशी मोडला आहे. आणि ज्या सुनेने किंवा सासूने मिश्री सोडायला घेतली, तिची थट्टा करू नये. ती आपल्याहून मोठी वारी करीत आहे असे समजावे.

शेवटची शंका म्हाताऱ्यांची असते : "आता साठी उलटली, आता सोडून काय मिळणार?" इंग्लंडात डॉक्टर लोकांवरच पन्नास वर्षे निरीक्षण झाले आणि २००४ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. साठाव्या वर्षी सोडणाऱ्याला सरासरीने तीन वर्षांचे आयुष्य अधिक लाभते, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याला सहा, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला नऊ. लाभाला फार थांबावेही लागत नाही. वीस मिनिटांत नाडीचा वेग उतरू लागतो, एक-दोन दिवसांत रक्तातला विषारी वायू निघून जातो, आणि वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. तीन वर्षे म्हणजे तीन आषाढी आणि तीन कार्तिकी! कळसाचे दर्शन एकदा अधिक घडावे म्हणून ज्याचा जीव तळमळतो, त्याला सहा वाऱ्या थोड्या वाटतील काय?

पतंजली मुनींनी अभ्यास दृढ होण्याच्या तीन अटी घातल्या आहेत : तो दीर्घकाळ करावा, खंड न पाडता करावा, आणि आदराने करावा. यांतील तिसरी अट आपण विसरतो. विडी सोडताना स्वतःला शिव्याशाप देऊ नयेत. हा देह पांडुरंगाने कीर्तनात नाचायला, वाट चालायला आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडायला दिला आहे. त्याची छाती अभंगाला लागणार आहे, ती धुराने भरू नये, एवढ्या आदराने हे व्रत धरावे. येत्या एकादशीला ज्याच्या मनात येईल त्याने पहिला पहारा धरावा, आणि ज्यांना व्यसन नाही त्यांनी त्याच्या शेजारी उभे राहावे. वीणा एकाच्या हातात असते, पण ती खाली न पडण्याची काळजी सगळ्या दिंडीची असते.

॥ रामकृष्णहरि ॥